तापात पाजावं की नाही

आई, गेल्या आठवड्यात मला फ्लू झाला आणि घरात अकरा आठवड्यांची मुलगी आहे. तुझी नात. तू तिला बघितलं नाहीस, मला नवरीच्या साडीत पण बघितलं नाहीस, तुला जाऊन तेरा वर्षं झाली. मी तुला याआधी कधी पत्र लिहिलेलं नाही. एका खोलीत राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? पण या आठ दिवसांत माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय, आणि ज्या बाईला विचारायचं ती नेमकी तूच. विचारायचंय ते एवढंच, की आई तापाने फणफणली असेल तर तिने बाळाला अंगावर पाजावं की नाही? तू एका घरात हो म्हणालेलीस आणि दुसऱ्या घरात नाही. मी दोन्ही वेळेस तिथेच बसलेले.

झालं असं की सोमवारी दुपारपासून माझं अंग मोडून आलं. आधी वाटलं जागरणाने असेल, बाळ झाल्यापासून सलग दोन तास झोपलेय असं मला आठवतच नाही. मग थंडी वाजायला लागली आणि ताप गेला एकशे दोनवर. नवऱ्याच्या ऑफिसात, वागळे इस्टेटला, अर्धी माणसं खोकत होती. तो ठणठणीत आणि घरात बसलेली मी आडवी. बिल्डिंगखालच्या डॉक्टरांनी घसा बघितला, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "फ्लू आहे. बाळ लहान आहे ना? मग चार-पाच दिवस जरा लांब राहा." आता लांब म्हणजे किती, पाजायचं की नाही, हे मी विचारलंच नाही. एरवी मी किती चौकस, तुला माहितीय. पण तेव्हा मला फक्त कुठेतरी पडायचं होतं.

आमचं घर ठाण्यात कोलशेतला आहे, एक हॉल, एक बेडरूम आणि खाडीकडे उघडणारी एक खिडकी. सासूबाई बाळंतपणापासून आमच्याकडेच आहेत. मी त्यांना मम्मी म्हणते. आई म्हणावं असं त्यांना वाटतं, पण माझ्या तोंडातून ते निघत नाही. त्या वाईट नाहीत गं, हे आधीच सांगते. त्यांनी पंधरा मिनिटांत सगळं लावून दिलं. मी बेडरूममध्ये, दार बंद. माझं ताट-वाटी वेगळी, टॉवेल वेगळा. बाळाची झोळी हॉलमध्ये. नवऱ्याने दाराच्या कडीला सॅनिटायझर मारायचं काम अंगावर घेतलं आणि तो हात इतक्या वेळा धुवायला लागला की बोटांची सालं निघाली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग मम्मी दाराबाहेरून म्हणाल्या, "तापाचं दूध लेकराला देत नसतात. पंपाने काढ आणि टाकून दे. मी वरचं दूध चमच्याने पाजते."

मी म्हटलं, मम्मी, असं नसतं बहुतेक. त्या म्हणाल्या, "बहुतेक म्हणजे काय? तुला नक्की माहितीय का?" नक्की मला काहीच माहीत नव्हतं. बाळाच्या डॉक्टर गावाला गेलेल्या, त्यांना मेसेज टाकला तर एकच टिक. मोबाइलवर शोधलं तर एक जण सांगतो पाजा, दुसरा सांगतो बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि दोघांचंही पटतं. मग मी दूध काढलं, बाटली दाराबाहेर ठेवली आणि मम्मींनी ती बेसिनमध्ये ओतली. नळ सोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मी रडले. आणि तेव्हा मला तुझी ती दोन घरं आठवली.

मी दहा वर्षांची असेन. मे महिन्याची सुट्टी, बाबांची कंपनीत पहिली पाळी, मला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून तू बरोबर न्यायचीस. डोंबिवलीत तुला सगळे मावशी म्हणायचे. बाळ-बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालणाऱ्या मावशी. सकाळपासून तीन घरं, कधी चार. घरात शिरलीस की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय साबणाने धुवायचीस, मग पिशवीतून धुतलेली साडी काढून नेसायचीस. प्रत्येक घराची साडी वेगळी. रस्त्यावरची साडी दाराशीच घडी करून ठेवायची आणि तिच्याजवळ मी बसायचं. एकदा एका बाळाचा गाल इतका गुबगुबीत दिसला की मी उठून बोट लावलं. तू माझ्या हातावर चापट मारलीस, चांगली लागेल अशी. म्हणालीस, "हात धुतलेस? दिसत नाही ना, तेच आधी चिकटतं." तू चौथी शिकलेली. हे तुला कोणी सांगितलेलं, मला माहीत नाही.

आणि तीच तू, पाटावर पाय पसरून बाळाला नडग्यांवर घ्यायचीस, तेल, मसुरीचं पीठ, कढत पाणी, सगळं झालं की बाळाच्या नाकाला तोंड लावून फुंकर मारायचीस. मग दोन्ही कानांत. म्हणे पाणी राहत नाही. बाळाच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या खुर्चीतून उठतील. मी आता आठवून बघते की तू तेव्हा कधी शिंकत होतीस का, खोकत होतीस का. मला आठवत नाही. आजारी असलीस की तू कामाला जायचीस की नाही, हेसुद्धा आठवत नाही. मला वाटतं, जायची नाहीस. पण हे मला तसं वाटून हवंय म्हणूनही असेल.

पहिलं घर एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं. पहिलं बाळंतपण, आईकडे आलेल्या. आपण गेलो तर त्या खोलीत तोंड फिरवून पडलेल्या आणि त्यांची आई बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत. ताप होता, खोकलाही होता. बाळ भुकेने रडत होतं आणि म्हातारी साखरेचं पाणी करत होती. तू पाण्याचं भांडं तिच्या हातातून काढून घेतलंस. बाईंना उठवून बसवलंस, त्यांचे हात धुवायला लावलेस, एक धुतलेला पंचा दुहेरी करून त्यांच्या नाकातोंडावर बांधलास आणि म्हणालीस, "पाज आता. आईला ताप येतो, दुधाला येत नाही. पिऊन झालं की आजीकडे द्यायचं, उगाच कुरवाळत बसायचं नाही, मुके घ्यायचे नाहीत." बाई पंच्यामागून रडत होत्या आणि बाळ गटागटा पीत होतं. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की घरी येईपर्यंत मी तुझी पिशवी एकटीने उचलली.

दुसरं घर त्याच सुट्टीतलं, पुढच्या काही दिवसांतलं. कल्याणला, मोठं कुटुंब, दोन दीर, जावा, सासू. बाळंतीण बारीक, गळ्याची हाडं दिसायची. आपण पोचलो तेव्हा ती कणिक मळत होती, बाळंतपणाला महिनासुद्धा झाला नव्हता. मला काही तिचा ताप दिसला नाही. खोकत नव्हती, नाक वाहत नव्हतं. तू तिच्या कपाळाला हात लावलास, मानेला लावलास, बराच वेळ ठेवलास. मग सासूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालीस, "हिला ताप भरलाय. हे दूध बाळाला चालायचं नाही. आठ दिवस बाळ हिच्याजवळ द्यायचं नाही, आणि हिला स्वयंपाकघरात घेऊ नका, सगळ्यांना होईल." सासू म्हणाली, मग एवढ्या माणसांचं करायचं कोणी? तू म्हणालीस, "ते तुम्ही बघा बाई. मी आपलं सांगितलं. उद्या घरभर पसरलं तर मला बोलू नका." त्या बाळंतिणीने तुझ्याकडे बघितलं. काय होतं त्या बघण्यात, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही मी छातीठोक सांगू शकत नाही.

रस्त्यात मी तुला विचारलं, "पण तू तर म्हणालेलीस की दुधाला ताप येत नाही." तू म्हणालीस, "गप चल. ऊन चढलंय." मी परत विचारलं. मी तशीच होते, एकदा धरलं की सोडायचं नाही. तू थांबलीस, कलिंगडवाल्याकडून एक फोड घेऊन माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "तोंड चालव, जीभ नको." संपला विषय. आठ दिवसांनी आपण गेलो तर त्या बाईचं दूध आटत आलेलं. तू अळीव सांगितलेस, शतावरी सांगितलीस, गरम पाण्याचा शेक दिलास, रोज दहा-दहा मिनिटं बाळाला लावून बघितलंस. बाळ दोनदा ओढायचं आणि चिडून तोंड फिरवायचं. दूध काही परत आलं नाही. तू प्रयत्न सोडलास त्या दिवशी घरी आल्यावर तू मला चप्पल वाकडी ठेवली म्हणून बोललीस आणि जेवली नाहीस. मला वाटलं, चपलेवरूनच.

तर आता तूच सांग, मी बेडरूममध्ये तापात पडून काय समजायचं होतं? पहिल्या घरातली तू खरी की दुसऱ्या?

मंगळवारी आणखी एक प्रकार झाला. मी आतून हॉलमध्ये व्हिडिओ कॉल लावला, बाळ दाखव म्हटलं. नवऱ्याने मोबाइल झोळीवर धरला. बाळ शांत झोपलेलं, गाल दाबून, आणि त्या गालाखाली माझा निळा गाऊन. सोमवारी रात्रभर मी ज्यात घामाने भिजले, ज्याच्या बाहीत खोकले, तो. धुवायच्या बादलीतून काढलेला. मी ओरडले, पण घसा बसलेला, नुसती हवा निघाली. दार वाजवलं. नवरा म्हणाला, "काय झालं? झोपलीय ना छान." कडीला दर तासाला सॅनिटायझर मारणारा माणूस, आणि त्याला गाऊन दिसला नाही. मम्मी म्हणाल्या, "अगं तुझ्या वासाशिवाय डोळा मिटत नाही तिचा. सकाळी दोन तास रडली. मी काय करू? शेवटी सुचलं मला."

सुचलं नव्हतं त्यांना, आई. मीच सांगितलेलं. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं, की माझी आई सगळ्या बाळंतिणींना सांगायची, बाहेर जाताना अंगावरची साडी बाळाच्या उशाशी टाकून जा, वासाने झोपतं. तुझी युक्ती. सगळ्या डोंबिवलीत तू ती वाटलेलीस. मम्मींनी ती लक्षात ठेवली आणि माझ्यासाठी वापरली, आणि मी त्यांना बसक्या आवाजात नाही नाही ते बोलले. त्यांचे डोळे भरले. त्यांनी गाऊन काढून कढत पाण्यात टाकला, बाळाचं तोंड पुसलं, झोळीतलं दुपटं बदललं. बाळ जागं झालं आणि टाहो फोडला. मी दाराच्या या बाजूला जमिनीवर बसून ऐकत होते. चिडायचं कोणावर? मम्मींवर, तुझ्यावर, की तोऱ्यात सांगणाऱ्या माझ्यावर, तेच कळेना.

मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. इतक्या लहान बाळाला ताप आला तर घरी थांबायचं नसतं, थेट हॉस्पिटल, हे मी लसीच्या वेळी ऐकलेलं. झोळीतून उचलून तिला सुया टोचतायत असं मला डोळ्यासमोर दिसत होतं. मम्मी ओव्याची धुरी करायला निघाल्या तर मी दाराखालून चिठ्ठी सरकवली, धूर नको, खिडकी उघडा. त्या म्हणाल्या, "खाडीचा वारा लागेल." नवऱ्याने खिडकी अर्धी उघडली. आमच्या घरातले सगळे वाद असेच अर्धे मिटतात.

बुधवारी बाळाच्या डॉक्टरांचा मेसेज आला. दूध बंद करू नका. मास्क लावा, हात साबणाने धुवा, पाजा. बाकी वेळ बाळ दुसऱ्यांकडे राहू दे. ताप आला, दूध कमी प्यायली किंवा श्वास जोरात चालला तर लगेच घेऊन या. पंचा सोडला तर शब्दन् शब्द तू शाळेतल्या बाईंना सांगितलेलं. मी चार वाजता दार उघडून सगळ्यांना वाचून दाखवलं. मम्मी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तर पाज बाई. हा तान्हा होता तेव्हा मला ताप आलेला, सात दिवस तोंड बघू दिलं नाही ह्याचं. मी म्हटलं तसंच असतं." मी तुझ्यासारखे कोपरापर्यंत हात धुतले. धुतलेला गाऊन घातला, मास्क लावला आणि तिला घेतलं. ती माझ्याकडे परकी बाई असल्यासारखी बघत राहिली, ओठ काढला. मग नाकाने हुंगलं आणि एकदम तुटून पडली. मला इतकं बरं वाटलं की मास्कच्या आत माझी नुसती वाट लागली, शेंबूड आणि पाणी. मम्मी म्हणाल्या, रडू नको, दूध घट्ट होतं. हे मात्र मी डॉक्टरांना विचारणार नाही.

गुरुवारी बाळ तीनदा शिंकलं आणि घरातल्या सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. नवरा दर अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावत होता, शेवटी ती त्या थर्मामीटरनेच रडायला लागली. ताप आला नाही. दूध पीत होती, खेळत होती. गाऊनाने काही झालं नाही, की दुधाने वाचली, की नुसतं नशीब, कोण सांगणार? आज सोमवार. ती ठीक आहे. आता नवरा आत पडलाय, एकशे एक, आणि दर दहा मिनिटांनी विचारतो, "बाळ काय करतंय?" कडीला सॅनिटायझर मारायचं काम माझ्याकडे आलंय. मम्मी तिला न्हाऊ घालतायत आणि मी, मम्मींनी बाळाच्या दुधाच्या वेळा लिहायला केलेल्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. लिहून झालं की पानं फाडून घ्यावी लागतील.

तुझ्या त्या कल्याणच्या घराबद्दल एक राहिलं. तुला सांगता येणार नव्हतं, कारण ते तुझ्या तेराव्याला झालं. ती बाई आलेली. मी ओळखलं नाही, अंगाने चांगली भरलेली, बरोबर शाळेत जाणारी मुलगी. माझा हात धरून म्हणाली, "मावशींमुळे माझं दूध गेलं." असं कोणी तेराव्याला बोलतं का? मग म्हणाली, "पण त्या आठ दिवसांत मी झोपले गं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा." आणि तिला कोणीतरी जेवायला बोलावलं. मी तेव्हा ते तक्रार म्हणून धरलं आणि तिला वाढायलासुद्धा गेले नाही. आता वाटतं, तिला ताप नव्हताच. तुला ते माहीत होतं. तू तिच्यासाठी खोटं बोललीस, आणि बाळाच्या तोंडचं दूध जाईल याचा हिशेब तुझा चुकला. की खरंच तुझ्या हाताला ताप लागला होता, आणि त्या दिवशी तू चारचौघींकडून जे ऐकलेलं तेच बोललीस, आणि झोप ही नुसती मधे मिळालेली गोष्ट? तू शहाणी होतीस की अडाणी, एवढं तरी लेकीला कळायला हवं ना. मला दोन्ही पटतं, आणि दोन्हीचा राग येतो.

आता माझं ऐक. डॉक्टरांचा तो बुधवारचा मेसेज मला चारला नाही, सकाळी दहाला मिळालेला. मी तो नीट वाचला, दोनदा वाचला. "थँक्यू डॉक्टर" असं उत्तरही पाठवलं. बाहेर मम्मी तिला चमच्याने पाजत होत्या आणि ती घेत नव्हती, चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज येत होता. मी मोबाइल उलटा ठेवला आणि झोपले. ती साडेअकराला रडली, मग जेवणाच्या वेळी परत रडली, बराच वेळ. प्रत्येक वेळी मला जाग आली. गाऊन दुधाने ओला होत होता. ताप सकाळीच उतरलेला, आई. मी कूस बदलली.